पंचांग बघून गळ

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, चिपळूण

देवदिवाळी झाली की कोकणातल्या नद्यांचं पाणी निवळतं. पावसातला गढूळपणा बसतो, तळाचे दगड दिसायला लागतात आणि पाणी अजून आटलेलंही नसतं. गरवणाऱ्याने, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्याने, हे दिवस साधायचे. होळीपर्यंत थांबलात तर वरच्या नद्यांतून नुसते डबके उरतात. पण कोकणात महिना साधून भागत नाही, तिथीही साधावी लागते.

माझ्याबरोबरचा मित्र दरवर्षी हिमाचलात तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउट हा थंड पाण्यातला मासा पकडायला जातो, फ्लाय रॉड, म्हणजे पिसांचा खोटा किडा फेकायची काठी, घेऊन. त्याचा हिशेब सरळ आहे. सूर्य डोंगराआड गेला, उजेड मऊ झाला की मासा वर येतो. त्या दिवशी अष्टमी आहे की अमावास्या, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. खाडीत तसं चालत नाही. संध्याकाळ रोजच होते, पण संध्याकाळी पाणी कुठे असेल ते चंद्र ठरवतो. आमच्याकडची जुनी माणसं त्यासाठी तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे. मुंबईकडून दक्षिणेला जावं तशी भरती थोडी आधी लागते, आणि खाडीत आत शिरावं तशी उशिरा. तरी वहीतल्या आकड्यांपेक्षा तो पटकन हाताशी येतो.

मला दिवस मावळताना सुकती, म्हणजे ओहोटी, हवी होती. म्हणून पंचमी-षष्ठी खाडीसाठी राखल्या आणि आधीचे दिवस वरच्या गोड्या पाण्याला दिले.

चिपळूणची वाशिष्ठी ही कोकणातली वेगळीच नदी. इतर नद्या उन्हाळ्यात दम तोडतात, ही वाहतच राहते, कारण हिच्यात घाटावरचं पाणी येतं. कोयना खरी पूर्वेला जाणारी, कृष्णेची उपनदी. तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं, मग कोळकेवाडीच्या धरणात येतं, पुन्हा वीज करतं आणि अलोऱ्याजवळून वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला मुभा दिलेलं हे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. मित्राचे कान टवकारले. धरणातून सोडलेल्या पाण्याच्या नद्या म्हणजे जगभरच्या ट्राउटवाल्यांची काशी. खोल जलाशयाच्या तळचं पाणी थंडगार असतं आणि वर्षभर मिळतं, म्हणून एरवी जिथे ट्राउट जगला नसता तिथेही जगतो.

पण वाशिष्ठीत हात घातला की तो विचार संपतो. ट्राउटला साधारण वीस अंशांच्या आतलं पाणी मानवतं. इथे मार्गशीर्षातही अंघोळ करताना कोणी शहारत नाही. शिवाय वीजनिर्मिती सुरू झाली की पाणी अचानक चढतं, त्यामुळे मध्ये दगडावर उभं राहून गळ टाकणं शहाणपणाचं नाही. खाली गोवळकोट-मालदोलीकडे तर पाण्यात उतरायचंच नाही, तिथे मगरी आहेत. आता लोक होडीत बसून पैसे देऊन त्या बघायला जातात.

म्हणून पहिली संध्याकाळ आम्ही काठावरूनच काढली. मित्राने जिथे तिथे दोरी फेकून बघितली, दोन-चार बोटभर मासे आले, ते परत गेले. अंधार पडला तसं बाजारात येऊन जेवलो. २०२१ च्या २२ जुलैचा पूर कुठवर चढला होता ते हॉटेलवाल्याने भिंतीवर हात ठेवून दाखवलं. हात त्याच्या डोक्याच्या बराच वर होता.

चतुर्थी, संगमेश्वर

सकाळी कसब्याला कर्णेश्वराचं देऊळ बघितलं. दगडातलं कोरीवकाम बघत तास कसा गेला ते कळलं नाही. १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले ते याच गावात, त्यामुळे इथे आल्यावर मन फार वेळ माशांत राहत नाही. दुपारी पुन्हा राहिलं.

शास्त्री नदीला गावाजवळ सोनवी मिळते. तिथून वर, भरती पोचत नाही अशा ठिकाणी आम्ही नदी धरली. काळ्या कातळाचे गोटे, मध्ये गुडघाभर पाणी, मग एखादी कोंड, म्हणजे खोल डोह, मग पुन्हा खळखळ. तीर्थनच्या खालच्या अंगाला असंच असतं, असं मित्र म्हणाला. फक्त तिथे देवदार असतात आणि इथे आंबा, किंजळ आणि काठावर कपडे आपटणाऱ्या बायका.

फ्लायने मासे पकडण्याची गंमत एका वाक्यात सांगायची तर, आपल्या नेहमीच्या गरीत वजन शिशाच्या गोळीत असतं, यात ते दोरीत असतं. फ्लाय म्हणजे गळाला पीस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं. म्हणून जाड, वजनदार दोरी मागे-पुढे झुलवायची, ती हवेत सरळ झाली की पुढे टाकायची, आणि टोकाचा किडा पाण्यावर हलकेच बसतो. काठी नऊ फुटांची. लहान नदीला पाच नंबरची दोरी, खाडीला आठ नंबरची. दोरी जितकी जड तितका नंबर मोठा.

पाचच्या पुढे कोंडीवर ऊन तिरकं झालं आणि मी ज्यासाठी मित्राला इथे आणलं होतं ते सुरू झालं. पाण्यातून एक-एक किडा वर येऊन बसायला लागला. शेपटीला केसासारखे तंतू, आणि पंख होडीच्या शिडासारखे उभे. मेफ्लाय. हे किडे आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली दगडांना चिकटून काढतात. पंख फुटून वर आल्यावर काही खातही नाहीत. एकदा आणखी कात टाकतात, जोडी जमवतात, पाण्यावर अंडी सोडतात आणि संपतात. पंख आल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटक दुसरा नाही. जगातल्या ट्राउटच्या सगळ्या संध्याकाळी या किड्याभोवती फिरतात, आणि तो आपल्या शास्त्रीतही आहे हे मित्राला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग कोंडीभर छोटी छोटी वर्तुळं उठायला लागली. मासे लहान. चंदेरी, अंगावर उभे निळसर पट्टे. पलीकडे म्हशी धुणारी पोरं त्यांना सरसकट मळ्ये म्हणत होती. मित्राने राखाडी रंगाची बारीक फ्लाय बांधली आणि पहिल्याच फेकीला मासा लागला. वीतभरही नव्हता, पण तो तेवढ्यावरही जोरात हसला. पोरं म्हशी सोडून आमच्या बाजूला आली. "एवढ्या काठीला एवढाच?" हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला.

महसीर? या नद्यांत मोठे महसीर होते असं म्हातारे सांगतात. आज ते निवांत बघायचे तर महाडजवळच्या वाळणकोंडीत, काळ नदीवर. तिथे देवीचे मासे म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत, लोक कुरमुरे टाकतात, गळ कोणी काढत नाही. माझ्या मते कोकणात गोड्या पाण्यातला मासा राखायची याहून चालणारी पद्धत अजून कोणाला सुचलेली नाही.

रात्री लॉजवर मित्राने फ्लायचं सामान मांडलं. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं, ससाण्याच्या चोचीएवढी कात्री, मेणाचा दोरा. त्यात एका कागदी पाकिटात एक पीस होतं, टोकाला लाखेचा थेंब पडावा तसा पिवळट चकचकीत ठिपका असलेलं. हे राखी रानकोंबड्याचं. तो पक्षी आपल्याच सह्याद्रीतला. पहाटे घाटात त्याचं आरवणं ऐकू येतं. स्कॉटलंडमध्ये सामन माशासाठी जुन्या धाटणीच्या नक्षीदार फ्लाय बांधतात, त्यांत हे पीस गालाशी बसवण्याचा रिवाज आहे, आणि त्यापायी एके काळी ही पिसं इथून भरभरून तिकडे गेली. भारताने निर्यात बंद केली, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही थांबली. आता तिकडचे लोक हेच कोंबडे पिंजऱ्यात वाढवतात आणि त्यांची पिसं वापरतात. मित्राचं पीस तसंच, इंग्लंडहून आलेलं. म्हणजे सह्याद्रीतला कोंबडा विलायतेला जाऊन, तिथे वाढून, पुन्हा संगमेश्वरच्या लॉजमधल्या गादीवर.

ट्राउटचा प्रवास उलटा. तो मूळचा इकडचा नाहीच. स्कॉटलंडहून बोटीने अंडी आणली. पहिली खेप वाटेत मेली, १९०० साली आलेली काश्मिरात जगली. तिथून १९०९ मध्ये कुलूकडे. आज तीर्थनमध्ये त्याला जंगली ट्राउट म्हणतात. शंभर वर्षं स्वतःच्या बळावर वाढला म्हणून म्हणायला हरकत नाही. नीलगिरीत आणि मुन्नारला रेनबो ट्राउट रुजला. कोकणात मात्र साहेबाने त्या फंदात पडायचंच टाळलं. इथे पाण्याने त्याला दाद दिली नसती.

पंचमी, पूर्णगड

माचाळच्या डोंगरातून निघालेली मुचकुंदी पूर्णगडाला समुद्राला मिळते. किल्ला छोटा, पण तटावरून मुख, पलीकडचं गावखडीचं सुरूचं बन आणि आत वळत गेलेली खाडी, सगळं दिसतं. आम्ही दुपारी वर जाऊन भरती बघितली. पावणेचारचा हिशेब, मुखाशी पाणी त्याआधीच थांबलेलं दिसलं, तर दोनेक मैल आत पुलापलीकडे अजून चढत होतं.

साडेपाचला काठावर आलो तर सुकती चांगली लागलेली, आणि खाडीभर वर्तुळं. शेकडो. मित्राचे हात थरथरायला लागले. संगमेश्वरला जी कोंडीत दिसली तीच, पण प्रत्येक मासा हातभर. त्याने एकामागून एक फ्लाय बदलल्या. बारीक, जाड, बुडणारी, तरंगणारी. मासे तिच्या दोन्ही बाजूंनी तोंडं वर करून जात होते आणि तिच्याकडे ढुंकून बघत नव्हते. पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, घेऊन उभे असलेले एक चाचा बराच वेळ हा प्रकार बघत होते. शेवटी म्हणाले, "बोय हायेत त्या. त्या काय तुमच्या काठीला येयाच्या नायत. शेवाळ चाटतायत."

बोय, कोणी शेवटाही म्हणतं, पाण्यावरचा साय-फेस आणि चिखलातलं शेवाळ खाते. किड्याच्या आशेने ती वर येतच नाही. तिचं वर्तुळ आणि ट्राउटचं वर्तुळ दिसायला सारखं, कारणं वेगळी. चाचांनी पाग खांद्यावर घेतला, पाण्यात दोन पावलं टाकून फेकला, गोल उघडला, आणि वर्तुळांमधल्या चार बोयी काठावर आल्या. मित्राने काठी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. खिलाडू माणूस आहे.

नंतर पुलाच्या खांबापाशी वेगळी हालचाल दिसली. रुपेरी पाठ निवांत वर यायची, वळायची, बुडायची. ही टारपॉनची सवय. हा मासा वर येऊन हवा गिळतो आणि ती त्याला श्वासाला चालते, म्हणून कमी प्राणवायूच्या खाडीतही तग धरतो. मित्राने आठ नंबरची काठी जोडली आणि पांढरी, करंदीसारखी फ्लाय खांबाच्या सावलीत टाकली. तिसऱ्या-चौथ्या ओढीला दोरी ताठ झाली आणि मासा सरळ हवेत. पुन्हा हवेत. डोळे भलेमोठे, खवले आरशासारखे चकाकणारे. काठाला आणला तेव्हा हातभरापेक्षा कमीच भरला, पण मित्राच्या चेहऱ्यावरून तो मगर वाटला असता.

चाचांनी बघून नाक मुरडलं. काटे फार, बाजारात कोणी विचारत नाही. त्यामुळे तो सोडण्यावरून वाद झाला नाही. सहलीतला तेवढाच एक.

चंपाषष्ठी, मसुरे

गड नदी कालावलच्या खाडीतून समुद्राला जाते. मसुऱ्याला एका अंगाला भरतगड, पाण्यापलीकडे भगवंतगड, आणि दोन्हींच्या मध्ये नारळीच्या बागा, कांदळाची खारफुटी आणि वाळूची होडकी. वाळू उपसणाऱ्यांनी तळ इतका खरवडला आहे की जुने थर आता सांगूनही सापडत नाहीत, असं होडीवाले मामा म्हणाले. मी होडी त्यांच्याकडूनच घेतली होती. ओळखीतून नातं लागत होतं, म्हणून ते मामा.

साडेचारला कांदळाच्या मुळांत पाणी भरलेलं. मित्र घाई करायला लागला. मामांनी वल्हं आडवं ठेवलं.

"आता वायच गप रवा. पानी सुकाक लागला की बारको मासो कांदळातसून भायर पडता. मगे तांबोसो येता."

खाडीतल्या संध्याकाळीचं सगळं शास्त्र या तीन वाक्यांत आलं. भरतीला करंदी, निवट्या, बारीक मासळी मुळांच्या जाळीत शिरते, कारण तिथे मोठा मासा वळू शकत नाही. सुकती लागली की पाणी ओढतं आणि सगळ्यांना छोट्या छोट्या ओहळांच्या तोंडातून बाहेर यावंच लागतं. त्या तोंडाशी तांबोशी आणि जिताडा टपून असतात. नदीत ट्राउट किड्यांच्या वेळेला टपतो, इथे ओहोटीच्या. आणि ही ओहोटी जर नेमकी दिवस मावळताना आली, तर माशाला वरून घारीचं भय नाही आणि खालून भक्ष्य स्पष्ट दिसतं. म्हणूनच ही तिथी.

पाऊण तासाने मामांनी मान हलवली. ओहळाच्या तोंडाशी पाण्याची रेघ उमटली होती. मित्राने तपकिरी-नारिंगी पिसांची फ्लाय मुळांना जवळजवळ चिकटून टाकली. एक ओढ, दुसरी ओढ, आणि काठी कमानीसारखी वाकली. तांबोशी लागली की ती तुमच्याकडे बघत नाही, सरळ मुळांत घुसते. पहिल्या दोन क्षणांत थोपवली नाही तर दोरी शिंपल्यांवर घासून तुटते. पहिली तशीच तुटली. दुसरी थोपली. तांबूस, जाड, पुढचे सुळे बाहेर, किलोभराची तरी असेल. मित्राने चिमट्याने गळ काढला, पाण्यात धरून तिला दम घेऊ दिला आणि सोडली.

होडीत शांतता पसरली. मग मामा म्हणाले, "अवो, सोडलात कित्याक?"

मित्राने समजावलं. खाडीतली तांबोशी अजून वयात आलेली नसते. इथे कांदळात ती मोठी होते, मग बाहेर खोल समुद्रात खडकांवर जाते आणि अंडी तिथे घालते. इथली मारली म्हणजे बाहेरचं बी गेलं. जिताड्याचं आणखी निराळं. तो आधी नर असतो, काही वर्षांनी त्याचीच मादी होते. म्हणजे भला मोठा जिताडा दिसला की ती बहुधा अंडी घालणारी मादी. तीच बाजारात सगळ्यात जास्त भाव खाते.

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "खरा आसात. पन आज तुमी सोडलात, उद्या कोणाच्या तरी जाळ्यात गावतलोच तो."

याला उत्तर नाही. तीर्थनमध्ये परवाना काढून गळ टाकणारे मोजके, जाळ्याला बंदी. तिथे सोडलेला मासा उद्याही असतो. कालावलला खाडीभर जाळी लागलेली. तरीही मला तांबोशी सोडणं पटतं, आणि चार काळुंदर घरी नेणंही पटतं. काळुंदर जन्मभर खाडीतच राहतात, तिथेच अंडी घालतात, आणि तव्यावर त्यांना तोड नाही. सगळं सोडायचं किंवा सगळं खायचं, हे दोन्ही नियम आळशी माणसाचे आहेत.

अंधार पडायला लागला तसं मामांनी मित्राच्या डबीत डोकावून विचारलं, "ह्या पिसाक मासो भुलता? माका त्यातली दोन देशात?"

मित्राने खुशीने दिली. मामांनी खिशातून नायलॉनचं भिंगरं काढलं, एक फ्लाय त्याला गाठ मारून बांधली, दातांनी उरलेला दोरा तोडला आणि ती होडीच्या मागे पंधरा-वीस वाव सोडून दिली. दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळली आणि वल्हवायला लागले. मित्र मला हळूच म्हणाला की हा फ्लायचा अपमान आहे.

धक्का दिसायला लागला तेव्हा मामांचा पाय ओढला गेला. त्यांनी वल्हं माझ्या हातात दिलं, दोरी हाताला हात देत ओढून घेतली. मघाच्यापेक्षा मोठी तांबोशी. मित्र काही बोलायच्या आत ती होडीच्या तळाला पडलीही होती.

मामींनी तिखलं केलं, तिरफळं टाकून, बरोबर उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. गावात त्या रात्री देवळासमोर दशावतार होता, त्यामुळे जेवणं लवकर उरकायची होती. मित्राने पहिल्यांदा नुसतं कालवण वाढून घेतलं, तत्त्व म्हणून. दुसऱ्यांदा मामींनी डोक्याकडचा तुकडा वाढला तेव्हा नाही म्हणाला नाही. तिसरा त्याने स्वतः मागून घेतला, आणि मामांनी आणखी चार फ्लाय मागितल्या.